"पण चिन्ह बदलते काहून?"

जुलैतला पाचवा तास, आठवीचा वर्ग. एकचल समीकरणे, म्हणजे एकच अज्ञात संख्या असलेली, चालू होती. फळ्यावर 3क्ष + 5 = 17 लिहून मी बाकांमधून वह्या बघत फिरत होते.

खिडकीजवळच्या मुलीने 3क्ष = 12 पर्यंत सगळं नीट केलं होतं. पुढची ओळ होती: क्ष = 12 ÷ (−3) = −4.

"अगं, हे वजा कुठून आलं?"

"मॅडम, तीन पलीकडे गेला ना. पलीकडे गेलं की चिन्ह बदलते, तुम्हीच सांगितलं." मग जरा थांबून तिने विचारलं, "पण ते बदलते काहून?"

मी गप्प झाले. तिने माझा नियम शब्दशः पाळला होता. पाच पलीकडे जाताना चिन्ह बदलतं, मग तीनने काय घोडं मारलंय? आणखी वह्या पाहिल्या. नऊ जणांचं उत्तर −4. ताळा एकानेही केला नव्हता, नाहीतर डावी बाजू −7 येते हे तिथेच दिसलं असतं. त्या नऊ वह्यांतली चूक माझी होती. इतकी वर्षं मी हेच वाक्य शिकवत आले.

फळा पुसला आणि 8 + 4 = ☐ + 5 लिहिलं. अर्धा वर्ग ओरडला, "बारा!" कुणी म्हणालं, "सतरा." सात म्हणणारे तिघेच. तेव्हा कळलं, गोष्ट पलीकडे-अलीकडेच्या बरीच आधी बिघडली आहे. पहिलीपासून मुलांनी = च्या उजवीकडे फक्त उत्तर लिहिलंय. त्यांच्या लेखी त्या खुणेचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने 1557 मध्ये ही खूण वापरली, ती दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांइतकं सारखं दुसरं काही नाही म्हणून. हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं.

मग फळ्यावर तराजू काढला. डाव्या पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पिशव्या आणि पाच किलो, उजवीकडे सतरा किलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा एरवी गणिताच्या तासाला तोंड उघडत नाही. त्याची आजी आठवडी बाजारात भाजी विकते. तो उठून म्हणाला, "मॅडम, आधी पासंग पाहा लागते. रिकामी पारडी सारखी नसली तर सगळंच चुकते."

त्यालाच फळ्याशी बोलावलं. त्याने दोन्ही पारड्यांतून पाच-पाच किलो पुसले. "तीन पिशव्या बारा किलो. म्हणजे एक चार."

पाच कुठेच गेला नव्हता, दोन्हीकडून निघाला होता. तीनने दोन्ही बाजूंना भागलं, त्यात वजा यायचं कारणच नव्हतं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येला 'यावत्तावत्' म्हटलं आणि दोन्ही पक्षांतून, म्हणजे बाजूंतून, सारखंच वजा करायला सांगितलं. ते मुलांना सांगताना मीही ते नव्याने ऐकत होते.

खिडकीजवळच्या मुलीने ताळा केला, 3 × 4 + 5 = 17, आणि स्वतःच एक समीकरण रचून आणलं: 2क्ष + 5 = 2क्ष + 9. दोन्हीकडून 2क्ष काढले. उरलं 5 = 9. बराच वेळ ती त्याकडे बघत राहिली.

"मॅडम, पिशवीत काहीही टाका, हा तराजू कधीच सारखा होणार नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला, "पासंगातच चार किलोचा फरक आहे ना."