एक डबा येणे बाकी

सकाळी बीपीची गोळी घेतली का, हे आईला दुपारी आठवत नाही. पाकिटातल्या गोळ्या मोजून आम्ही उत्तर काढतो. पण शेजारच्या काकूंनी २००४ च्या दिवाळीत नेलेला स्टीलचा डबा अजून आलेला नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारा. तीन किलोचा, कडीचा, झाकणाला एका बाजूने पोचा आलेला, वर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. त्यातून भडंग दिलं होतं आणि लसूण जरा जास्त करपला होता, हेही सांगेल.

काकूंच्या मनात डबा ढापायचं होतं असं मला वाटत नाही. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, डबा तिथेच अडकला असणार. काहीतरी चांगलं घालून द्यावं म्हणून थांबल्या असतील. मग चकल्या बिघडल्या असतील, लाडू पाहुण्यांत संपले असतील. आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं.

सांगलीत नुसतं 'पाणी आलं' म्हटलं की नळाचं की नदीचं, हे महिन्यावरून कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये गावभागातली माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्नच्या वर. बायकोचा मोबाइल नंबर पाठ नसलेला माणूसही २००५, २०१९ आणि २०२१ चे फूट घडाघडा म्हणतो. वर 'आमच्या कितव्या पायरीला लागलं होतं' तेही. (पायरीवरून भावाभावांत वाद होतात. आमच्याकडे तो अजून चालू आहे. मी खिडकीची चौकट म्हणतो, तो कोनाडा म्हणतो, आणि दोघंही त्या रात्री विश्रामबागला मावशीकडे झोपलो होतो.)

तर २००५ ला आमचं खालचं घर बुडालं. एकदा आईला विचारलं, "भांडी काय काय गेली गं तेव्हा?"

"ते आता कुठलं आठवायला? गेलं ते गेलं."

एक पिंप गेलं असावं. पितळी परात गेली की मोडीत घातली, यावर तिचं स्वतःशीच एकमत नाही. मग जरा थांबून म्हणाली, "डबा मात्र पुरात नव्हता हं. तो त्यांच्याकडे होता. त्यांचं घर माडीवर."

मला त्या दिवशी ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाई आठवल्या. यांनी १९२७ साली बर्लिनमध्ये असताना एक निबंध छापला. म्हणतात की सुरुवात कॉफीहाउसातल्या वेटरपासून झाली: पैसे यायचे असतील त्या टेबलाची ऑर्डर त्याला तोंडपाठ, आणि बिल मिटलं की साफ विसरला. बाईंनी मग लोकांना कोडी, मणी ओवणं अशी बारीकसारीक कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट आठवली. पुढे इतरांनी हे करून पाहिलं तेव्हा सगळ्यांनाच एवढा फरक दिसला नाही. त्यांनी आईला बसवलं नसणार.

नदीने नेलं त्याचा हिशोब तिथेच मिटला. नदीकडे कोण मागायला जातंय? डब्याचं खातं मात्र उघडं आहे. काकू आता मिरजेला असतात. लग्नाकार्यात भेटल्या की आई त्यांच्या गुडघ्यांची, सुनेची, नातवाच्या बारावीची चौकशी करते. डब्याचं अवाक्षर काढत नाही. रिक्षात बसल्यावर म्हणते, "विसरली बघ ती."

विसरल्याच असतील. येणं असलेल्याची स्मरणशक्ती आणि देणं असलेल्याची, दोन्ही एका कारखान्यात बनत नाहीत. कॉलेजात असताना मी कुणाचा तरी रेनकोट आणला होता. कुणाचा, ते देवाला माहीत. तो रेनकोटही घरात कुठे नाही.

गेल्या दसऱ्याला माळा काढला. जुन्या गाद्यांच्या मागे एक पातेलं निघालं, जाड बुडाचं, स्टीलचं. काठावर टिंबांची अक्षरं होती. आईने चष्मा लावला, पातेलं खिडकीशी नेलं, उजेडात फिरवलं. घासून घासून नाव पार गेलेलं. सुरुवातीचा 'कै.' दिसत होता, मग मोठी मोकळी जागा, आणि शेवटी 'यांचे स्मरणार्थ'.

"कुणाचं गं?"

"आपलं नाही," आई म्हणाली. "आपल्याला दिलं असतं तर मला आठवलं असतं."

"मग आपल्याकडे कसं आलं?"

ती बराच वेळ बसली. हरिपूरपासून माधवनगरपर्यंत सगळी घरं मनात फिरून आली. गेलेल्या माणसांची नावं घेतली, त्यांच्या तेराव्याला काय वाटलं होतं तेही आठवलं. कुठे चमचे, कुठे वाट्या. पातेलं कुणीच नाही. भाऊ म्हणाला, बहुतेक काकूंचंच असेल. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो गाद्या उन्हात घालायला निघून गेला.

पातेलं तिने चिंच लावून लख्ख घासलं, पुसलं, दोन दिवस ओट्याच्या कडेला वेगळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आलं कुणी मागायला तर देऊ," आणि त्यात दही विरजलं.