टायरियात तीन आठवडे, रोज रात्री दीड तास

मुलगी पावणेनऊला झोपते. ओटा आवरून मी ९ वाजता लॅपटॉप उघडते आणि साडेदहाला मिटते. एवढ्या वेळात कुठे जाऊन यायचं, तर सध्या टायरियात, म्हणजे ‘गिल्ड वॉर्स २’ या ऑनलाइन खेळाच्या जगात.

मधली ५ वर्षं तिकडे फिरकले नव्हते. बाळंतपण, घर बदलणं, नवी नोकरी यांत ते राहूनच गेलं. परत गेले तेव्हा माझी नेक्रोमॅन्सर, म्हणजे मृतांवर हुकमत चालवणारी जादूगार, लायन्स आर्च या शहराच्या बंदरात, सोडली होती तिथेच उभी होती. तिच्या अंगावरचं जुनं ‘एक्झॉटिक’ या वरच्या प्रतीचं चिलखत अजूनही कामाचं होतं, आणि याच गोष्टीसाठी मी हा वृत्तांत लिहायला घेतला. बहुतेक ऑनलाइन आरपीजींमध्ये, म्हणजे पात्र घेऊन त्याला वाढवत नेण्याच्या खेळांमध्ये, नवा भाग आला की लेव्हलची मर्यादा वाढते आणि महिनोन्‌महिने खपून मिळवलेलं सामान भंगारात जातं. इथे २०१२ साली कमाल लेव्हल ८० होती, आजही ८०च आहे. एक्झॉटिकच्या वरचं ‘असेंडेड’ सामान जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास सरस. महिन्याची वर्गणी नाही, त्यामुळे ‘पैसे भरलेत तर खेळलंच पाहिजे’ हा धाकही नाही. संसार सांभाळून खेळणाऱ्याला याहून मोठी सवलत कोणती?

पहिला आठवडा मी क्वीन्सडेलमध्ये काढला. हा माणसांच्या वंशाचा सुरुवातीचा प्रदेश, लेव्हल १ ते १५ चा. तिथे ८० ची नेक्रोमॅन्सर घेऊन गेलं तरी तिची ताकद आपोआप त्या प्रदेशाच्या बेताची होते. त्यामुळे नव्या मैत्रिणीबरोबर जुना खेळाडूही तिथे मजेत फिरू शकतो, त्याच्यापुढे तिचा खेळ फिका पडत नाही. शिवाय मारलेल्या राक्षसाची लूट ज्याची त्याला मिळते. खाणीतलं खनिजही प्रत्येकाचं वेगळं, तुम्ही खणलंत म्हणून माझं कमी होत नाही. म्हणूनच अनोळखी माणूस येताना दिसला की इथे बरं वाटतं. मी दलदलीत कोसळले तेव्हा एकजण हातातली लढाई सोडून मला उठवायला धावला, आणि एक शब्दही न बोलता पुढे निघून गेला.

त्याच दलदलीत, गॉडस्लॉस्ट स्वाँपमध्ये, शॅडो बेहेमथ हा महाकाय राक्षस उगवतो. आपल्याकडच्या वेळा लिहून ठेवा: रात्री सव्वानऊ, मग सव्वाअकरा, असा दर २ तासांनी. टेक्वाटल हा ड्रॅगन स्पार्कफ्लाय फेनच्या किनाऱ्यावर रात्री साडेनऊला येतो. वेळापत्रक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर बांधलेलं असल्याने परदेशात घड्याळं पुढेमागे झाली तरी आपल्या वेळा बदलत नाहीत. रोजची कामं आपल्या पहाटे साडेपाचला नव्याने सुरू होतात. ‘विझर्ड्‌स व्हॉल्ट’मधली रोजची यादी अर्ध्या तासात उरकते आणि एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नाही.

टेक्वाटलला दुसऱ्या आठवड्यात तीनदा गेले. १५ मिनिटांत त्याला पाडावं लागतं. तोफांवर बसलेले त्याचे खवले मऊ करतात, बाकीचे पायाशी भिडतात आणि मध्येच मागे धावत मेगालेझर ही मोठी तोफ वाचवतात. १० मिनिटं आधी पोहोचा आणि डोक्यावर कमांडरची खूण असलेल्या माणसाच्या मागे राहा. मात्र त्या गर्दीत पडद्यावर एवढा प्रकाश उसळतो की ड्रॅगनचा पंजा कुठे पडतोय तेच कळत नाही. हा या खेळाचा जुना दोष आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘कॅरेक्टर मॉडेल लिमिट’ अगदी खाली आणलं तेव्हा माझा लॅपटॉप जरा श्वास घेऊ लागला.

तिसऱ्या आठवड्यात ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ या विकतच्या पुढच्या भागातल्या जंगलात, व्हर्डंट ब्रिंकमध्ये उतरले आणि खेळाची दुसरी बाजू दिसली. ८० लेव्हलपर्यंत हा खेळ बोट धरून चालवतो. पुढे अचानक हात सोडतो. नकाशा तीन मजली, रस्ता वर आहे की खाली याचा पत्ता नाही, आणि कोंबडीएवढ्या पॉकेट रॅप्टरांची टोळी दोन-तीन सेकंदांत फडशा पाडते. कुठलं कौशल्य कशाला जोडायचं, ‘क्विकनेस’ म्हणजे काय, मोठ्या लढायांमध्ये आपलं काम कोणतं, हे खेळ नीट शिकवतच नाही. म्हणून सरावलेला आणि हौशी खेळाडू यांच्या मारात कित्येक पटींचा फरक पडतो. हौशी लोकांसाठी एवढं चांगलं जग उभारलं आणि नेमकी हीच बाजू कच्ची ठेवली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा ८० झाल्यावर आधी ‘पाथ ऑफ फायर’च्या वाळवंटात जा. हे दोन्ही भाग एकत्रच विकत मिळतात. वाळवंटात पहिल्याच अध्यायात रॅप्टर हा स्वारीचा प्राणी मिळतो आणि दऱ्या एका उडीत पार होतात. जंगलात नंतर त्याच्यावर बसून जा.

कथेचा क्रमही असाच विस्कटलेला आहे. मूळ कथा आणि विकतचे भाग यांच्यामध्ये ‘लिव्हिंग वर्ल्ड’चे सीझन, म्हणजे कथा पुढे नेणारे छोटे भाग येतात. पहिला २०२२ पासून पुन्हा फुकट खेळता येतो, पुढचे जेम्स, म्हणजे खऱ्या पैशांनी मिळणारं खेळातलं चलन, देऊन घ्यावे लागतात. ते टाळले तर अर्ध्या पात्रांची ओळखच होत नाही. कथेसाठी खेळणार असाल तर तो खर्च आधीच धरा. जेम्स खेळातल्या सोन्यानेही घेता येतात, फक्त धीर हवा.

नव्यांनी मूळ खेळ फुकटच सुरू करावा, २०१५ पासून ती सोय आहे. फुकट खात्यावर गप्पा आणि खरेदी-विक्रीवर बंधनं आहेत, पण महिनाभर ती जाणवणारही नाहीत. आपल्या देशात सर्व्हर नाही, तेव्हा युरोप निवडा. आपले रात्रीचे ९ म्हणजे तिकडची संध्याकाळ, माणसं भरपूर असतात. एकट्याने फिरायचं असेल तर नेक्रोमॅन्सर घ्या. प्राण कमी झाले की ‘डेथ श्राउड’ या छायारूपात शिरून दुसरा श्वास मिळतो. आणि पिशव्या! त्या दर वीस मिनिटांनी भरतात. ‘डिपॉझिट ऑल मटेरिअल्स’ हे बटण पहिल्याच दिवशी शोधा, कच्चा माल उभ्या जागेवरून थेट बँकेत जातो. मला ते तिसऱ्या दिवशी सापडलं.

सध्या माझी नेक्रोमॅन्सर त्या वाळवंटातल्या अमनून शहराच्या बाजारात उभी आहे. पुढच्या आठवड्यात मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे, ८ दिवस तरी तिकडे जाणं होणार नाही. गेले की तिथूनच पुढे निघेन.