गाळ बसत नाही तेव्हा फेजचा विचार

एरेशन टँकमधील, म्हणजे सांडपाण्यातील जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या टाकीतील, मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास स्थिर ठेवले की सांडपाणी प्रक्रिया केंद्राची प्रकृती बरीचशी कळते. लिटरमागे ३ ग्रॅम घन पदार्थ असताना गाळ ९०० मिलिलिटरच्या खुणेवरच अडून राहिला, तर गाळ निर्देशांक (एक ग्रॅम घन पदार्थ किती मिलिलिटर जागा व्यापतो तो आकडा) ३०० भरतो, आणि साधारणपणे १५०च्या वरचा आकडा गाळ फुगल्याचे, म्हणजे तो नीट खाली बसत नसल्याचे, लक्षण मानला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाळाच्या पुंजक्यांतून बाहेर आलेले, एकमेकांत गुंतलेले तंतुमय जिवाणू दिसतात. त्यांत गॉर्डोनिया बळावला, तर पेशीभित्तिकेतील मायकोलिक आम्लांमुळे तो पाण्यात भिजत नाही, हवेच्या बुडबुड्यांना चिकटतो आणि टाकीवर तपकिरी, चिवट फेसाचा थर साचतो.

यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे टाकीत परत सोडल्या जाणाऱ्या गाळात क्लोरीन मिसळणे. पुंजक्याबाहेर आलेल्या तंतूंना त्याचा फटका आधी बसतो हे खरे. परंतु मात्रा जरा वाढली की अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे, मुळातच सावकाश वाढणारे जिवाणूही मरतात, आणि ती हानी भरून निघायला बराच काळ लागतो.

बॅक्टेरिओफेजचे, थोडक्यात फेजचे, महत्त्व मला वाटते ते इथे. १९१५ मध्ये ट्वॉर्ट यांना आणि १९१७ मध्ये डेरेल यांना स्वतंत्रपणे आढळलेले हे विषाणू ठरावीक जिवाणूच्याच पृष्ठभागाला चिकटतात, आपला जनुकीय ऐवज आत सोडतात, आतच संख्येने वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. शेजारच्या उपयुक्त जिवाणूंना धक्का लागत नाही. स्फेरोटिलस नेटन्स आणि हॅलिस्कोमेनोबॅक्टर हायड्रॉसिस या तंतुमय जातींवरील फेज सांडपाण्यातूनच वेगळे काढून प्रयोगशाळेत वापरले गेले, तेव्हा गाळ बसण्यात सुधारणा दिसली.

अडचण अशी की फेज मिळवायचा तर आधी त्याचा यजमान जिवाणू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो, आणि मायक्रोथ्रिक्स पार्व्हिसेलासारखा उपद्रवी जिवाणू तिथे अत्यंत संथपणे वाढतो. शिवाय जिवाणूंमध्ये प्रतिकारही निर्माण होतो, त्यामुळे एकाऐवजी अनेक फेजांचे मिश्रण वापरणे इष्ट. विरघळलेला प्राणवायू कमी असणे किंवा गाळाचे वय (तो टाकीत राहण्याचा काळ) वाढणे ही मूळ कारणे कायम राहिली, तर तंतू पुन्हा वाढणारच. म्हणून फेज हा माझ्या मते ती कारणे दुरुस्त होईपर्यंत वेळ मिळवून देणारा उपाय आहे. तयार मिश्रण घेताना ते आपल्याच टाकीतील तंतूंवर तपासून दाखवण्याचा आग्रह धरावा, कारण नाव तेच असले तरी उपजात बदलली की फेज निष्प्रभ ठरू शकतो.