देसमधले दोन नी

आज पंचवटीतल्या गाण्याच्या क्लासला एका पोराने स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवली, त्यातलं पोरगं बहुरूप्यासारखं रूप बदलतं, सकाळी मुलगा तर संध्याकाळी मुलगी, आणि शाळेत रांगा दोनच, मग ते बिचारं मध्येच उभं राहतं नि सगळे हसतात. बालगंधर्वांना स्त्रीवेषात डोक्यावर घेतलं ते आपल्याच पणजोबांनी, पण असो.

मी काय बोलणार, पेटी पुढे ओढली आणि देस राग घेतला. चढताना नी हा सूर शुद्ध, उतरताना कोमल. गोष्ट वाचणारं पोर मला थांबवून विचारतं, "सर, दोन्ही चालतात?" म्हटलं चालतात काय, त्याशिवाय देस होतच नाही! मग जे गायला बसलंय डोळे मिटून, बाहेर आई स्कूटीवरून हॉर्नवर हॉर्न, शेवटी मीच जाऊन सांगितलं, ताई, दहा मिनिटं थांबा.