घरकुल आईच्या नावावर, जागा तिघांची

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात आईच्या नावावर घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेतून १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. एवढ्यावर काम निघेल असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं.

अडलं ते जागेवर. आमचं माळवदाचं जुनं घर आजोबांचं. नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, आजोबांच्या मागे वडील आणि दोन्ही चुलत्यांची नावं. योजना घराला पैसे देते, वाटणी करून देत नाही. "रानात बांधा की," असं बरेच जण म्हणाले. पण पावसाळ्यात वस्तीचा रस्ता चिखलात जातो आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गावठाण सोडायचं नव्हतं. थोरले चुलते अण्णा पुण्याहून यात्रेला आले तेव्हा विषय काढला. मागची पडवी आणि चिंचेखालची जागा त्यांना सोडली, मग दोन्ही चुलत्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. माझ्या मते गावातली निम्मी घरकुलं पैशापेक्षा या सह्यांसाठीच रखडतात.

खरा पैसा गेला जमिनीखाली. आमची माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की फुगते. गवंडी पाया खोदताना आईला म्हणाला, "आक्का, मुरूम लागेस्तोवर खाली जायचं. वर कितीबी सिमेंट घाला, ही माती भिंत उकलती." कमरेएवढं खोदलं तरी काळीच माती निघत होती. पुढे पिवळसर मुरूम लागला, तेव्हा कुठं त्यानं दगड टाकू दिला. जोतं वर येईपर्यंत पहिला हप्ता संपून उसनवारी सुरू झाली होती. माळरानावरच्या घरकुलाला आणि काळ्या रानातल्या घरकुलाला रक्कम सारखीच, हे मला अन्यायाचं वाटतं.

घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, पण ट्रॅक्टरचं भाडं आपलंच. जोत्यापुढं आईला उभं करून मोबाईलवर फोटो काढला, तो ऑनलाइन चढल्यावर पुढचा हप्ता आला. काम दिवाळीनंतर लगेच धरा. आमचा स्लॅब चैत्रात पडला आणि त्यावर मारायला टँकरचं पाणी विकत घ्यावं लागलं.

आता २५ चौरस मीटरमध्ये दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा ओटा आहे. बाहेरचं प्लास्टर राहिलंय, ते यंदाच्या कांद्यावर करू.