मराठीत 58

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की मला एकच गोष्ट आठवते आणि ती इतकी वर्षं मी नीट कुणाला सांगितलेली नाही. मी 1988 च्या दहावीच्या बॅचची. घर गोव्यात म्हार्दोळला, देवळाच्या मागच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर. आई जायांचे गजरे करायची, बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, ते पण गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावागावात मराठी शाळा झाल्या म्हणून. त्यामुळे आमच्या घरात दहावीचा रिझल्ट म्हणजे काय होतं ते तुम्हीच समजा.

रिझल्ट लागला. फर्स्ट क्लास होता, गणितात चांगले, सायन्समध्ये बरे, आणि मराठीत 58. प्रिलिममध्ये मला मराठीत 81 होते. आमच्या वर्गात मराठी म्हणजे मी असं होतं, स्नेहसंमेलनाचं निवेदन मी, भिंतीवरच्या अंकाचं संपादन मी, आणि मार्कलिस्टवर 58. लोक पेढे मागत होते आणि मी मागच्या पडवीत बसून रडत होते. आई म्हणाली, रडूं नाका गो बाय, पास झालंस मगे. तिला कसं सांगणार की पास होण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि मराठीच्या सरांना म्हटलं, सर, बोर्डाचं काहीतरी चुकलंय. सर म्हणाले, चुकलं असेल, नसेलही, विचारून बघूया. बाकीचे काहीजण म्हणत होते की बोर्डाशी कोण भांडतो, उगाच नाव खराब होईल, आहेत ते मार्क पण जातील. सर त्यांना एवढंच म्हणाले की अर्ज करणं म्हणजे भांडण नव्हे. मला ते वाक्य तेव्हा फार मोठं वाटलं आणि आजही वाटतं, कारण आमच्या वाड्यावर तोपर्यंत कुणी ऑफिसात जाऊन काही विचारलेलं मी पाहिलंच नव्हतं, जे मिळतं ते घेऊन यायचं एवढंच माहीत.

हेडसरांनी फॉर्मबद्दल समजावलं. त्यांनी सांगितलं की रिचेकिंग म्हणजे पेपर परत तपासत नाहीत, फक्त बघतात की सगळी उत्तरं तपासली गेली का, आतले मार्क बाहेरच्या पानावर बरोबर उतरवले का, टोटल जुळते का, पुरवण्या सगळ्या जोडलेल्या आहेत का. दुसऱ्या परीक्षकानं पहिल्यापासून परत वाचून मार्क देणं ही वेगळी गोष्ट, त्याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. आम्ही मुलं दोन्हीला रिचेकिंगच म्हणायचो आणि आजची मुलंसुद्धा तसंच म्हणतात, म्हणून हा फरक मुद्दाम लिहिते, फॉर्म भरायच्या आधी तो कळलेला बरा.

फॉर्मसोबत अर्ज पाहिजे होता. मी पहिला अर्ज लिहिला त्यात अन्याय हा शब्द तीन वेळा होता. सरांनी तो फाडला. रागावले नाहीत, फाडला आणि कोरा कागद पुढं केला. वर उजवीकडं पत्ता, तारीख, मग प्रति, मग विषय, सीट नंबर, सेंटर, आणि मग चार ओळी, त्यात रडणं नाही की आरोप नाही. पाचव्यांदा लिहिलेला अर्ज त्यांनी ठेवून घेतला आणि हेडसरांची सही घेतली. फी आईनं गजऱ्यांच्या पैशातून दिली, चिल्लर होती सगळी, क्लार्कबाईंनी न कंटाळता मोजून घेतली, त्या बाईंची मला आजही आठवण येते.

खरंतर अर्ज शाळेमार्फतच जायचा, पण मुदत थोड्या दिवसांची आणि क्लार्कबाई तापानं आजारी पडल्या, म्हणून हेडसरांनी पाकीट बंद करून आमच्याच हातात दिलं आणि बाबा एक दिवस सुट्टी काढून माझ्याबरोबर आले. बोर्डाचं ऑफिस पणजीच्या पुढं मांडवी नदीपलीकडं, आणि तेव्हा मांडवीवरचा पूल नव्हता. 5 जुलै 1986 ला तो कोसळला आणि दुसरा व्हायला अजून वेळ होता, तोपर्यंत सगळं फेरीबोटीवर. कदंब बसनं पणजी, मग पावसात भिजत फेरीची लाईन. नदी तांबडी झालेली, खनिजाच्या बार्जी चाललेल्या, फेरीत माणसं, स्कूटर, मासळीच्या टोपल्या सगळं एकत्र, आणि बाबांनी पाकीट शर्टाच्या आत छातीला लावून धरलेलं. बाबा रस्ताभर काहीच बोलले नाहीत. बेतीला उतरून वर पठारावर गेलो, खिडकीत पाकीट दिलं, पावती घेतली. पाच मिनिटांचं काम. परत येताना त्यांनी मला पणजीत भजी-पाव खाऊ घातला आणि विचारलं, त्या कागदात नेमकं काय लिहिलंय ते सांग. मी पाठ म्हणून दाखवला. त्यांनी परत म्हणायला लावला.

मग मी फोंड्याला अकरावीला गेले आणि जुलैमध्ये उत्तर आलं. गुणांमध्ये बदल नाही. एक ओळ. मी ती सरांना नेऊन दाखवली आणि म्हटलं, सर, मला एकदा पेपर बघायला मिळाला असता तर माझं समाधान झालं असतं. हे तेव्हा शक्यच नव्हतं. 1984 साली सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र बोर्डाच्या खटल्यात निकाल दिला होता, त्यात विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका बघायला न देण्याचा आणि पुनर्मूल्यांकन न करण्याचा बोर्डाचा नियम कायम ठेवला होता. मुंबई हायकोर्टानं आधी मुलांच्या बाजूनं निकाल दिला होता तो त्यात उलटला. हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. त्या दिवशी सरांनी कायद्याबद्दल काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं, प्रश्नपत्रिका आहे ना घरी? शनिवारी दुपारी घेऊन ये.

शनिवारी शाळा सुटल्यावर टीचर्स रूममध्ये त्यांनी मला बसवलं, फुलस्केप कागद दिले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मार्चमध्ये जे लिहिलंस तेच लिही. सुधारून नको. तीन तास. मी म्हटलं चार महिने झाले, कसं आठवणार, तर म्हणाले तुला आठवेल. आणि खरंच आठवलं. निबंध तर शब्द न् शब्द आठवला कारण त्या निबंधाचा मला फार अभिमान होता. पावसाळ्यातल्या गावावर होता, सहा पानं. तो संपला तेव्हा मी घड्याळ बघितलं, सव्वा तास गेलेला. आणि मग माझ्या हाताला जे झालं ते मार्चमध्ये पण असंच झालं होतं हे मला एकदम आठवलं, तो घाम, ती घाई. सारांश दोन ओळींत उरकला, पत्राला तारीख आणि पत्ता घातलाच नाही, व्याकरण शेवटच्या सात मिनिटांत, त्यातल्या दोन प्रश्नांना नंबर नाही आणि एक सोडूनच दिला. हे सगळं मी विसरले होते. म्हणजे विसरले पण नव्हते, मला फक्त निबंध आठवत होता.

सरांनी लाल पेनानं तपासलं, माझ्यासमोर, मोठ्यानं बोलत. सोडलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, इथं कोण कसे मार्क देणार गो? पत्रापाशी काही बोललेच नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं, कारण तारीख आणि पत्ता तर त्यांनी माझ्याकडून पाच वेळा लिहून घेतला होता. निबंधात मी एका ठिकाणी लिहिलं होतं की पहिला पाऊस पडला की आईला बरं दिसतं, घरच्या कोकणी बोलण्यात बरं वाटतं याला आम्ही तसंच म्हणतो. त्याच्याखाली त्यांनी रेघ मारली आणि सांगितलं की परीक्षक इथलाच, त्याला हे कळतं, पण प्रमाण मराठीच्या पेपरात तो लाल करणार, आणि करावंच लागतं त्याला. मग थोडं थांबून म्हणाले, पण तू घरी असंच बोल आणि कधी स्वतःचं लिहिशील तेव्हा असंच लिही. शेवटी टोटल केली. 62. मी पुन्हा केली, 62 च. बाहेर पाऊस इतका होता की आम्ही दोघं अर्धा तास तिथंच बसून राहिलो, प्यूननं चहा आणला.

आता परिस्थिती बदललीय आणि ती बदलली याचा मला मनापासून आनंद आहे. गोव्यात माहितीचा हक्क 1997 मध्येच कायद्यानं आला, देशासाठी 2005 मध्ये, आणि 9 ऑगस्ट 2011 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही सुद्धा माहितीच आहे, विद्यार्थ्याला आपली स्वतःची बघायचा अधिकार आहे. माझ्या मुलीनं बारावीला फिजिक्सच्या पेपरची झेरॉक्स मागवली. ती हातात आली तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते. तिनं एकेक पान उलटलं, कुठं कुठल्या स्टेपला मार्क गेला ते बघितलं, शेवटच्या पानापर्यंत गेली आणि म्हणाली, आई, हे माझंच चुकलंय, पुढं अर्ज नको करूया. दहा मिनिटांत झालं तिचं. मला त्याला पावसातली फेरी, चार महिने आणि सरांचा एक अख्खा शनिवार लागला होता. पण तो शनिवार कुणी मला बदलून देतो म्हणाला तर मी देणार नाही.

सर आता नाहीत. ते गेले तेव्हा मी बाहेरगावी होते, येता आलं नाही, ते मला अजून लागतं.

ते तपासलेले फुलस्केप कागद माझ्याकडं आहेत, कडा पिवळ्या झाल्यात, पण लाल शाई स्पष्ट दिसते. सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात जुन्या वस्तूंचं टेबल आहे असं कळलं, तिथं ठेवायला देते. काचेखाली ठेवा, पानं सुटी आहेत, आणि प्रदर्शन संपल्यावर मला परत पाहिजेत, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.