मुंबईच कशापायी?

आज पप्पांबरोबर साताऱ्याला कोर्टात गेलो होतो. चुलत्यांशी वाटणीचा दावा, सातवं वर्ष चाललंय. साडेदहापासून बाकावर बसून. पप्पांच्या मांडीवर ती कायमची कापडी पिशवी: सातबारा, फेरफार, नकाशाची घड्या पडून फाटायला आलेली झेरॉक्स. पाऊण वाजता पुकारा झाला आणि दोन मिनिटांत पुढची तारीख घेऊन आम्ही बाहेर.

पोवई नाक्यावर चहा घेताना म्हटलं, "पप्पा, लॉ करायचंय. सीईटी देतो. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला."

बशीत चहा ओतता ओतता ते थांबले. "वकिली हितंबी शिकवत्यात की. मुंबईच कशापायी?"

पाठ केलेलं सगळं गेलं डोक्यातून. 1855 चं कॉलेज, चर्चगेटजवळ, हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर, फी सरकारी, असं भराभर सांगून टाकलं. त्यातलं फीचं तेवढं पटलं त्यांना. (खोलीच्या भाड्याचा विषय मी मुद्दामच काढला नाही.)

मग म्हणालो, बाबासाहेब 1935 ला तिथं प्रिन्सिपल झाले. आणि 7 नोव्हेंबर 1900 ला त्यांचं शाळेत नाव घातलं ते कुठं? इथंच, साताऱ्यात. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो ती शाळा. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर.

पप्पा बराच वेळ शाळेच्या दिशेला बघत बसले. मला वाटलं, जिंकलो.

"बरं. खोलीला भाडं किती पडतंय मुंबईत?"